इस्माईलच्या बारा गोळ्या

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. विनातिकीट बसलेला माणूस मला त्याच्या मानेवरून ओळखता यायचा. माझा आवाज मोठा, डोकं तापट, आणि जीभ तर उचलली की लावली टाळ्याला. गावात मला गेणभाऊ म्हणतात. माझ्या मागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि ते बहुतेक खरं आहे. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट इस्माईल मुलाण्याची आहे, पण ती सांगताना मला स्वतःला बाजूला ठेवता येणार नाही.

आमचं गाव पिंपरी पेंढारच्या पुढं, ओढ्याकाठी. गावात मुलाण्यांचं एकच घर, ते इस्माईलचं. आम्ही दोघं चौथीपर्यंत एका फळीवर बसलो. पुढं मी शिकलो आणि तो सुरीला लागला. चैत्रात आमच्या म्हसोबाची यात्रा भरते. ज्याचा नवस असेल त्यानं बोकड द्यायचा, आणि तो कापायचा मान मुलाण्याचा. इस्माईलचा बाप, त्याचा बाप, त्याच्याही आधीचे, सगळ्यांनी तो मान चालवला. तो आपल्या अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवतो आणि नैवेद्य आमच्या म्हसोबाला जातो. यात आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही. एरवी गावात त्याचं छोटं मटणाचं दुकान होतं, पत्र्याचं, रस्त्याला लागून.

खाटीककाम करणारा माणूस दांडगा असेल असं लोकांना वाटतं. इस्माईल उंच, सडपातळ, बोलायला मऊ. बोकडाला सुरी दिसता कामा नये म्हणून ती पाठीमागं धरायचा. एकासमोर दुसरं जनावर कधी कापायचा नाही. बाकीची भिंतीआड बांधायला लावायचा. आधी पाणी पाजायचा. धार लावायला बसला की तासभर उठायचा नाही. मी त्याला म्हणायचो, "इस्माईल्या, बोकडाची इतकी मनधरणी करतोस, तेवढी भाभीची केली असतीस तर घरात सुखानं जेवला असतास." तो हसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, त्याला एकदाच करायची असती." माझं तोंड बंद करणारा गावात तो एकटाच, म्हणून तो मला आवडायचा.

तीन वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजारात आम्ही दोघं चहा पीत होतो. त्याच्या हातातला कप तिरका झाला आणि चहा धोतरावर सांडला. मी ओरडलो, तर तो काहीतरी बोलला, पण शब्द कळेनात. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. तो म्हणाला, "वारं लागलं आसंल, चला घरी." मी त्याचं ऐकलं नाही. जीपमध्ये घालून नारायणगावला दवाखान्यात नेलं. तेवढं एक काम मी आयुष्यात वेळेवर केलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण सरळ बोलणाऱ्या. मशीनमधून फोटो काढून झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. मेंदूकडं जाणाऱ्या नळीत रक्ताची बारीक गुठळी अडकली होती आणि नशिबानं सुटली, असं त्यांनी सांगितलं. "ही सूचना समजा," त्या म्हणाल्या. "पुढची गुठळी सुटेलच असं नाही." पहिले तीन आठवडे दोन गोळ्या, नंतर रोज एक, कायमची. रक्तातले बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळी होते, ते चिकटू नयेत म्हणून ती गोळी.

इस्माईल नुसती मान हलवत होता, म्हणून बाई माझ्याकडं बघून बोलल्या. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. गुडघा दुखला, डोकं दुखलं म्हणून दुकानातून परस्पर दुखीची गोळी आणायची नाही; दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळं झालं तर लगेच यायचं. दात काढायचा असो, ऑपरेशन असो, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला ही गोळी चालू आहे हे सांगायचं. आणि स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. "कुणीही सांगितलं तरी आधी मला विचारायचं," असं म्हणून त्यांनी आपला नंबर माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला.

तेव्हापासून इस्माईलच्या गोळ्यांचा मी कंडक्टर झालो. दर महिन्याला जुन्नरला जायचो तेव्हा त्याच्या तीस गोळ्या घेऊन यायचो. ब्लडप्रेशरची गोळी त्याची बायको नूरबी भाभी घरी संध्याकाळी द्यायची. रक्ताची गोळी सकाळी दुकानात, चहा-पाव झाला की तो स्वतः घ्यायचा. दुकानातल्या एका डब्यात त्या पाकिटासकट असायच्या. एकदा त्यानं गुडघ्यासाठी कुठून तरी दुखीच्या गोळ्या आणल्या होत्या. मी दुकानात गिऱ्हाईक असताना त्याच्यावर ओरडलो आणि ते पाकीट गटारात फेकून दिलं. तो म्हणाला, "भाऊ, माझी बायको परवडली." सगळे हसले. मला त्या दिवशी आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

गोळीचा त्रास एकच होता, आणि तो नेमका मुलाण्याला होणारा. सुरीचं काम म्हटलं की बोटाला टवका जाणारच. आधी तो बोट तोंडात धरायचा आणि कामाला लागायचा. आता बारीक कापलं तरी रक्त वाहत राहायचं. बाईंनी सांगितलं होतं, स्वच्छ फडक्यानं घट्ट दाबून धरा, पंधरा मिनिटं, मध्ये उघडून बघू नका. तो बघायचाच. दंडावर, मांडीवर कुठं धडकलं की निळे डाग उठायचे. भाभी म्हणायची, "ह्यांला कोण मारतंय का काय, लोक इचारत्याल."

मग गेल्या वर्षीची यात्रा आली. तिसराच बोकड होता. इस्माईलची सुरी निसटली आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कापलं. फडकं बांधलं, ते भिजलं. दुसरं बांधलं, तेही भिजलं. आणि म्हसोबाच्या दगडावर, शेंदराच्या खाली, त्याच्या रक्ताचे दोन-तीन थेंब पडले. आमच्याकडं जुनं मानतात की म्हसोबाला जनावराचं रक्त चालतं, माणसाचं चालत नाही. सांडलं तर पुढं तो माणूसच मागतो. भगवंत, आमच्या यात्रा कमिटीचा म्होरक्या, सगळ्यांसमोर ओरडला, "ए मुलाण्या, हात मागं घे! देवाला बाटवलंस!" दगड धुतला, गुलाल टाकला, आणि राहिलेले बोकड कापायला ओतूरकडून एक पोरगेलासा माणूस मोटारसायकलवरून आणला. इस्माईल अंगठा दाबून भिंतीला टेकून बसला होता. त्या माणसानं एका बोकडासमोरच दुसरा आडवा पाडला, तेव्हा इस्माईलनं तोंड फिरवलं.

त्यानंतर वर्षभर तो यात्रेबद्दल एक अक्षर बोलला नाही. भाभीनं मला सांगितलं की तो जेवायचा कमी झाला होता.

यंदा माझा नवस होता. माझ्या मुलाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, संस्कृती. सातव्या महिन्यात जन्मली, मुठीएवढी, महिनाभर काचेच्या पेटीत होती. माझी बायको लंकाबाई हिनं म्हसोबाला बोकड बोलला. पोर घरी आली, अंग धरलं, आता दुडुदुडु पळते. यात्रेच्या आधी तीन आठवडे देवळाच्या मांडवात कमिटीची मीटिंग झाली. भगवंत म्हणाला, "यंदापसून मुलाण्याचा मान बंद करायचा. त्याच्या अंगात रोग शिरलाय. रगत थांबत न्हाई. ओतूरवाल्याला सांगून ठेवलंय."

इस्माईल मागं खांबाजवळ उभा होता. बोलावलं नव्हतं, तरी आला होता. भगवंताचं ऐकून त्यानं मान खाली घातली, आणि तेच मला सहन झालं नाही. मी उठलो. एकतीस वर्षं भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज मी तिथं काढला. "सात पिढ्यांचा मान हाय, तुज्या बापाचा न्हाई," मी म्हणालो. "सुरी इस्माईलच धरंल. एक थेंब जरी सांडला तर म्या जबाबदार. म्होरच्या साली देवाला माणूस लागला तर म्या जाईन!" लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. भगवंत म्हणाला, "बघा हां, गेणभाऊ. चारचौघांत बोललायसा."

बाहेर आल्यावर इस्माईलनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, आपण मित्राची अब्रू राखली. मित्रासाठी भांडल्यावर जे बरं वाटतं, ते मला घरी जाईपर्यंत वाटत होतं. रक्त थांबत नाही ते कशामुळे, आणि ते यंदा कसं थांबणार, याचा मी विचारही केला नव्हता.

यात्रेला सात दिवस राहिले असताना मी त्याच्या दुकानात गेलो. जुन्नरला निघालो होतो. म्हटलं, गोळ्या आणायच्या आहेत, पाकीट बघून घेऊ. डबा उघडला. माझ्या हिशोबानं तीन गोळ्या उरायला हव्या होत्या. आठ होत्या.

इस्माईल सुरीला धार लावत होता. मी विचारलं, "इस्माईल्या, ह्या आठ कशा?"

"मोजल्या व्हय?" तो मान वर न करता म्हणाला. "कंडक्टर त्यो कंडक्टरच."

"पाच दिस घेतल्या न्हाईस."

त्यानं सुरी बाजूला ठेवली. "भाऊ, त्या वरच्या आळीच्या म्हाताऱ्याची दाढ काढली तवा पाच-सात दिस आधी रगताची गोळी बंद करायला लावली व्हती. मग रगत लवकर थांबतं. काल बोट कापलं, ह्ये बघा, लगीच थांबलं." त्यानं बोट पुढं केलं. खरंच, बारीक खपली धरली होती. "यात्रा झाली की दुसऱ्या दिशी सकाळी पुन्हा चालू. तुमी माझ्यासाठी शबूद टाकलाय. तुमाला चारचौघांत खाली बघायला लावू व्हय?"

त्या म्हाताऱ्याला कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, त्याची गोळी कोणती, त्याचा आजार कोणता, मला काही माहीत नव्हतं. इस्माईललाही नव्हतं. बाईंचा नंबर माझ्या खिशात होता. एक बटण दाबायचं होतं. गटारात पाकीट फेकणारा मी, गिऱ्हाइकासमोर त्याच्यावर ओरडणारा मी, तिथं उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढं माझ्या घरचा बोकड होता, दगडासमोर कडेवर धरलेली संस्कृती होती, आणि त्या दगडावर पडणारा थेंब होता. मी देवभोळा नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. पण त्या वेळी मी घाबरलो. थेंबाला घाबरलो, भगवंताला घाबरलो, आणि माझ्याच मोठ्या तोंडाला घाबरलो.

मी म्हणालो, "दुसऱ्या दिशी नक्की?"

"नक्की."

"भाभीला ठाव हाय?"

"न्हाई. तिला कशापायी? ती रडंल."

मी म्हणालो, "चहा सांग." आम्ही चहा प्यालो. मग मी जुन्नरच्या गाडीत बसलो. त्या दिवशी बाजार होता आणि गाडी बाजाराला निघालेल्या लोकांनी भरली होती. उभं राहूनच गेलो. औषधाच्या दुकानासमोरून दोनदा गेलो आणि आत शिरलो नाही. शिल्लक होत्या ना.

पुढचे सात दिवस रोज सकाळी उठलो की मनात यायचं, आज सांगू. आणि रोज वाटायचं, इतके दिवस गेले, काही झालं नाही, आता थोड्यासाठी काय. माणूस स्वतःला किती गोड समजावतो.

यात्रेच्या दिवशी इस्माईलनं बेचाळीस बोकड कापले. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत. मी शेजारून हललो नाही. दोनदा बोटाला लागलं. त्यानं फडकं लावलं, क्षणभर दाबलं आणि थांबलं. दगडावर एक थेंब पडला नाही. माझा बोकड अकरावा होता. अंगावर पाणी शिंपडल्याबरोबर त्यानं अंग झाडलं, म्हणजे देवानं घेतला. लंकाबाईनं पोरीचं डोकं दगडाला टेकवलं आणि डोळे पुसले. इस्माईलनं पाठीमागची सुरी पुढं घेतली तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान होतं, तसं मी त्याच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. शेवटच्या बोकडानंतर भगवंतानं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला आणि म्हणाला, "चुकलं आमचं, मुलाणी." इस्माईल लाजून लाल झाला. संध्याकाळी माझ्या अंगणात पंगतीला बसला, भाकरी-रस्सा पोटभर खाल्ला आणि जाताना म्हणाला, "भाऊ, आता मेलो तरी चालंल." मी म्हणालो, "आधी सकाळची गोळी घे, मग मर." असले विनोद करतो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचं पोरगं मला बोलवायला आलं. मी धावत गेलो. इस्माईल गादीवर होता, डोळे उघडे. तोंड उजवीकडं ओघळलेलं. उजवा हात भाभीनं उचलून धरला होता, तिनं सोडला तसा तो धप्पकन खाली पडला. त्यानं माझ्याकडं बघून बोलायचा प्रयत्न केला. नुसता घशातून आवाज आला. त्या दिवशी आखाडा होता. कुस्त्यांच्या मैदानावर हलगी सुरू झाली होती आणि रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. नारायणगावला पोचायला पाऊण तास लागला.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं धडधाकट कधी बघितलं?"

भाभी म्हणाली, "रातच्याला निजले तवा चांगले व्हते. उजाडल्यावर बगितलं तर आसं."

बाईंच्या तोंडावरचा बदल मला दिसला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत कधी झालं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी फोटो काढायला पाठवलं आणि जाता जाता विचारलं, "गोळी चालू होती ना? रक्त पातळ होण्याची?"

"व्हय," भाभी म्हणाली. "रोज. एक दिस चुकवली न्हाई. म्या रोज इचारायची, घेतली का, तर म्हनायचे घेतली."

बाई कागदावर लिहायला लागल्या. मी बोललो नसतो तर ते तसंच लिहिलं गेलं असतं. कुणाला कळलं नसतं. मी म्हणालो, "न्हाई बाई. बारा दिवस बंद होती."

लिहायचं थांबलं. भाभी माझ्याकडं वळली. "तुमाला कसं ठाव, भाऊ?"

मी खाली बघितलं. तिला कळलं.

बाई मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी दोन मिनिटं बसल्या. मी सगळं सांगितलं, थेंब, दगड, मीटिंग. त्या म्हणाल्या, "काका, एक फोन करायचा होता. कुणाची गोळी थांबवता येते, कुणाची नाही, ते आम्ही बघून ठरवतो. ह्यांची थांबवण्यासारखी नव्हतीच. मी सांगितलं असतं, सुरी दुसऱ्याच्या हातात द्या आणि मुलाणी शेजारी उभं राहून नाव घेऊ देत. नाहीतर तारेच्या जाळीचा हातमोजा मिळतो, त्याला सुरी लागत नाही. काहीतरी मार्ग काढला असता." मग म्हणाल्या, "गोळी चालू असती तर झालंच नसतं, असंही मी सांगू शकत नाही. पण राखण होती, ती आपण काढून घेतली." त्या 'आपण' म्हणाल्या. मी तो शब्द अजून विसरलो नाही, कारण तो त्यांनी माझ्यावर दया म्हणून वापरला होता.

इस्माईल सतरा दिवस दवाखान्यात होता. उजवी बाजू गेली ती गेली. वाचा गेली. समजतं सगळं, डोळ्यांवरून कळतं. मुलगा नुमान चाकणला कंपनीत आहे, त्यानं रजा काढली, संपली, परत गेला. दुकानाला कुलूप लागलं. भगवंत एकदा नारळ घेऊन माझ्या घरी आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "गेल्या सालीचे थेंब व्हते वो, गेणभाऊ. म्हसोबानं माणूस मागितलाच बघा." मी तो नारळ त्याच्या अंगावर फेकला. म्हसोबानं काही मागितलं नव्हतं. आम्ही आपल्या हातानं नेऊन दिला होता. पण गावात आता भगवंताचंच खरं धरतात, आणि पुढच्या वर्षी ओतूरवाल्यालाच सांगायचं ठरलं आहे.

इस्माईलला घरी आणल्यावर मी रोज जायचो आणि उंबऱ्याशी उभा राहायचो. भाभी माझ्याशी बोलत नव्हती. चहा ठेवायची, पण नजर द्यायची नाही. अकराव्या दिवशी तिनं डबा आणून माझ्यासमोर ठेवला. दुकानातला तोच डबा. आत नवं पाकीट होतं.

"उद्यापसून रोज सकाळी गोळी तुमी द्यायची," ती म्हणाली. "माझ्यासमूर. पाऊस आसू द्या, तुमच्या घरी लगीन आसू द्या. एक दिस चुकायचं न्हाई."

मी म्हणालो, "भाभी, मला शिव्या द्या. पण ह्ये नका सांगू."

"शिव्या देऊन त्यांचा हात उठंल व्हय?" ती म्हणाली आणि आत गेली.

आता चार महिने झाले. सकाळी आठला मी जातो. आधी त्याला पाठीमागं उशा लावून ताठ बसवायचा, निजवून पाणी द्यायचं नाही, नाहीतर श्वासात जातं. गिळायला शिकवायला दवाखान्यात दोन आठवडे एक बाई येत होत्या. आता गिळतो, पण हळू. मग चमच्यानं थोडी पेज, मग गोळी, मग पाण्याचा एक घोट, आणि त्याची हनुवटी खाली धरून गिळेपर्यंत थांबायचं. भाभी दारात उभी राहून बघते. गोळीमुळं त्याच्या दंडावर पुन्हा निळे डाग यायला लागले आहेत. डाव्या हाताच्या बोटांवर सुरीच्या जुन्या खुणा आहेत, पण नवी एकही नाही.

तो माझ्यावर रागावलेला नाही. मी दारात दिसलो की त्याचे डोळे हसतात. मला वाटतं, त्याला अजूनही वाटतंय की त्यानं माझा शब्द राखला. तो समजतो तसा शब्द मी दिलाच नव्हता. मी बढाई मारली होती, आणि ती खरी करायला त्यानं आपली वाचा घातली. हे मला त्याला सांगायचं आहे. रोज पाकिटातून गोळी काढताना तोंडाशी येतं. मागं भाभी उभी असते, आणि पुढं इस्माईल.

मी गोळी उचलली की तो लगेच तोंड उघडतो. मी काय देतोय ते बघतही नाही. एक दिवस तरी त्यानं ते तोंड घट्ट मिटून घ्यावं म्हणून मी वाट बघतो. तो मिटत नाही.